तेल : औषधाच्या मापाने

(विहाराच्या वर्धापनदिन सोहळ्यात महिला मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या या व्यासपीठावरून दरवर्षी धम्मावर, शिक्षणावर, संविधानावर व्याख्याने होतात. ती व्हायलाच हवीत. आज मात्र आम्ही विषय घेतला आहे तो स्वयंपाकघरातल्या तेलाचा. कुणी म्हणेल, तेलावर काय भाषण करायचं? पण विचार करा, ज्या घरातला कमावता माणूस पन्नाशीच्या आत छातीला हात लावून खाली बसतो, त्या घरातल्या मुलामुलींच्या शिक्षणाचं पुढं काय होतं, हे या वस्तीला सांगायला नको.

५२ देशांतल्या हृदयरुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला आहे. त्यातली दक्षिण आशियातली, म्हणजे भारत आणि शेजारच्या देशांतली, माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली. पहिला झटका येण्याचं मधलं वय आपल्याकडे ५३ निघालं, तर इतर देशांत ते ५९ च्या घरात होतं. म्हणजे आपला माणूस पाच-सहा वर्षं आधीच आजारी पडतो. याला एकटं तेल जबाबदार नाही, हेही लगेच सांगतो. तंबाखू, विडी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, बसून राहणं, भाज्या-फळं कमी खाणं, अशी पुष्कळ कारणं त्यात आहेत. पण तेल ही अशी गोष्ट आहे की जी रोज दोन्ही वेळा आपल्या हातून कढईत पडते. म्हणून ती आपल्या हातात आहे.

विनयपिटकातलं तेल

तेलाचा आणि धम्माचा संबंध काय, असं कुणाला वाटेल. संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, अन्न पचेना, अंग वाळलं, तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना पाच गोष्टी औषध म्हणून घेण्याची मुभा दिली : तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. तेल म्हणजे कोणतं, तेही विनयात दिलेलं आहे. तिळाचं, मोहरीचं, मोहाच्या बियांचं, एरंडाचं आणि प्राण्यांच्या चरबीचं.

पुढं काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. लोकांनी श्रद्धेनं भरपूर तूप, तेल, मध दान केलं. काही भिक्खूंनी ते घडे भरभरून साठवलं. घडे पाझरू लागले, विहारात उंदीर झाले, आणि लोक नावं ठेवू लागले. तेव्हा नियम झाला की या पाच वस्तू सात दिवसांपेक्षा जास्त साठवायच्या नाहीत. हा नियम साठेबाजीविरुद्ध होता, त्यात आजचं विज्ञान शोधायला जाऊ नये. पण त्यामागची दृष्टी आपण उचलू शकतो. तेल वाईट नाही. तेल हे औषधासारखं आहे, आणि औषध मापानं घ्यायचं असतं. आजच्या भाषणाचं सार एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार.

आपल्या घरात तेल आलं कसं

आपल्या आजी-पणजीच्या चुलीजवळ तेल किती असायचं? एक छोटी शिशी. बलुत्यात धान्य मिळायचं, पण तेल विकत आणावं लागे, नाहीतर धान्याच्या बदल्यात घ्यावं लागे. त्यामुळे ते थेंबानं वापरलं जाई. रस्सा दाट करायला तेल नसे, तर भाजून दळलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं येसूर असे. शेंगदाण्याचा कूट असे. जवसाची, कारळ्याची चटणी असे. सुकट तव्यावर नुसती भाजली जाई. मटण शिजलं तर त्याच्याच चरबीत ते परतलं जाई. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या लोकांच्या या स्वयंपाकाची नोंद करून ठेवली आहे. तरुणांनी ते पुस्तक जरूर वाचावं.

हे सांगताना जुन्या गरिबीचं गुणगान आम्हाला करायचं नाही. तेल कमी होतं ते आवडीनं नव्हे, नाइलाजानं. पोटाला पुरेसं अन्नच नव्हतं, तिथं तेलाची काय कथा! म्हणूनच पुढं हातात चार पैसे आले, नोकऱ्या लागल्या, तेव्हा रश्शावर तरंगणारी लाल तर्री ही मानाची खूण झाली. पाहुणा आला की तर्री हवी. कार्यात भाजीवर तेल दिसलं नाही तर यजमान कंजूष ठरतो. ही भावना आम्हाला पूर्ण समजते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तेल मिळालं नाही, त्यांना एकदम ‘तेल कमी खा’ म्हणून सांगणं सोपं नाही. पण जे अंग पूर्वी दिवसभर रानात, गिरणीत, खाणीत राबत होतं, ते आज बऱ्याच घरांत खुर्चीवर, रिक्षात, काउंटरमागे बसलेलं आहे. काम बदललं, तसं मापही बदललं पाहिजे.

डालड्यापासून पामोलिनपर्यंत

साजूक तूप परवडत नाही म्हणून तुपासारखं दिसणारं स्वस्त काहीतरी हवं, या गरजेतून वनस्पती तूप आलं. १९३७ साली डालडा बाजारात आला, आणि तो इतका पसरला की कुठल्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले. हे तूप म्हणजे पातळ तेलच. निकेल धातूच्या साहाय्यानं त्यात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करतात. या प्रक्रियेत ते अर्धवट घट्ट केलं की त्यात ‘ट्रान्स फॅट’ नावाचा मेद तयार होतो. हा मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं कमी करतो. कुठल्याही मेदाबद्दल शास्त्रज्ञांत वाद असतील, पण ट्रान्स फॅटबद्दल वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सगळ्या देशांना तो अन्नातून हद्दपार करायला सांगितलं. भारतात २०२१ साली तेल-तुपातली त्याची मर्यादा ५ टक्क्यांवरून ३ टक्के, आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली.

कायदा चांगला झाला. तरी खारी, टोस्ट, पॅटिस, नानकटाई, क्रीमरोल हे पदार्थ सुटे घेताना आत काय घातलं आहे ते कुणी सांगत नाही. पुडा असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. ‘हायड्रोजनेटेड’ हा शब्द दिसला तर तो पुडा रोजच्या चहाबरोबर नको. मुलांना रोज खारी-टोस्ट देण्यापेक्षा मूठभर फुटाणे-शेंगदाणे द्या, स्वस्तही पडतात.

आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातून येणाऱ्या पाम तेलाचा आहे. हॉटेलं, फरसाण, बिस्किटं, वेफर्स यांत तेच जास्त असतं. घरात आपण पामोलिनची पिशवी आणत नसलो, तरी पोटात ते जातंच. पाम तेलात जवळजवळ निम्मा मेद संपृक्त, म्हणजे तूप-लोण्यात असतो त्या जातीचा असतो. तो जास्त झाला की वाईट कोलेस्टेरॉल वाढतं.

‘बियांचं तेल विष आहे’ : हे खरं का?

आता तरुणांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या एका गोष्टीकडे येतो. ‘सोयाबीन, सूर्यफूल, करडई, सरकी ही बियांची तेलं म्हणजे विष. ती सोडा, तूप आणि खोबरेल खा’, असं आजकाल पुष्कळ सांगितलं जातं. काही घरांत सुनेनं तेल बदललं म्हणून सासू रागावली, काही घरांत उलट झालं.

कालाम लोकांना बुद्धांनी काय शिकवण दिली, ते आपल्याला ठाऊक आहे. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेनं आलं म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः तपासा. तर तेलाचंही तसंच तपासू या.

पहिली गोष्ट, शेंगदाणा, तीळ, मोहरी, करडई, जवस, कारळे या सगळ्या बियाच आहेत. विनयातलं तिळाचं तेल बियांचंच होतं. आणि ज्या पाम तेलाबद्दल आत्ता बोललो, ते फळाच्या गरातून निघतं, बियांतून नव्हे. मग ‘बियांचं’ एवढ्या एका शब्दावरून चांगलं-वाईट कसं ठरवणार?

दुसरी गोष्ट. या तेलांत ‘ओमेगा-६’ नावाचा मेद जास्त असतो, त्यामुळे अंगात दाह वाढतो, असं सांगतात. पण माणसांवर जे प्रयोग झाले त्यात रक्तातली दाहाची लक्षणं त्यामुळे वाढलेली दिसली नाहीत. उलट तूप-लोणी-पाम यांच्या जागी ही तेलं वापरली तर वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्येही संपृक्त मेद कमी करून त्याऐवजी असंपृक्त मेद घ्यायला सांगितलं आहे.

तिसरी गोष्ट, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियात सिडनी इथं आणि अमेरिकेत मिनेसोटा इथं साठ-सत्तरच्या दशकात दोन जुने प्रयोग झाले होते. त्यांच्या जुन्या नोंदी पुन्हा काढून २०१३ आणि २०१६ साली नव्यानं हिशेब केला गेला. सिडनीत करडईचं तेल भरपूर दिलेल्या रुग्णांत मृत्यू कमी न होता जास्तच झाले होते. मिनेसोटात मक्याच्या तेलानं कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. या प्रयोगांवर आक्षेप आहेत. तरीही त्यातून एक धडा घेता येतो. कुठलंही एकच तेल ‘हृदयाला चांगलं’ म्हणून ओतत राहणं शहाणपणाचं नाही. तेल विष नाही आणि अमृतही नाही. इथंही मध्यम मार्गच उपयोगी पडतो.

कोणतं तेल, कशासाठी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराच्या १७ सूचना प्रसिद्ध केल्या. तेलाबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : तेलं आलटून-पालटून वापरा, एकूण प्रमाण कमी ठेवा, दाणे-तेलबिया खा. आपल्या बाजारात मिळणारी तेलं घेऊन आम्ही ते सोपं करून सांगतो.

शेंगदाणा तेल : आपल्या चवीचं, तापायला चांगलं. त्यात साधारण निम्मा मेद हा ऑलिव्ह तेलात असतो त्या जातीचा. रोजच्या फोडणीला उत्तम.

तिळाचं तेल : टिकाऊ, फोडणीला चांगलं. महाग आहे, म्हणून थोडं आणा.

करडई : सोलापूर-मराठवाड्याचं आपलं तेल. जुन्या वाणांत ओमेगा-६ चं प्रमाण पाऊण हिस्सा इतकं असतं. म्हणून एकटं न वापरता शेंगदाणा तेलाबरोबर आलटून-पालटून वापरावं. सूर्यफुलालाही हेच लागू आहे.

सोयाबीन : विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं पीक आणि खिशाला परवडणारं तेल. यात थोडा ‘ओमेगा-३’ ही असतो, जो आपल्या जेवणात एरवी कमी पडतो. ज्यांच्या घरात हेच तेल येतं, त्यांनी मनात कमीपणा वाटून घेऊ नये. माफक वापरलं तर त्यात भिण्यासारखं काही नाही.

सरकी : हे रिफाइंडच हवं. कपाशीच्या बीमध्ये गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो, तो शुद्ध करतानाच निघतो. म्हणजे ‘रिफाइंड म्हणजे वाईटच’ हेही सरसकट खरं नाही.

जवस : याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ आहे, पण ते लवकर खवट होतं आणि तळणाला चालत नाही. जवस भाजून चटणी करा. विदर्भातल्या आपल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

तूप आणि खोबरेल : दोन्हींत संपृक्त मेद फार, खोबरेलात तर सुमारे ९० टक्के. वरणभातावर चमचाभर तूप, कोकणातल्या माणसाच्या आमटीत थोडं खोबरेल, याला कुणी नाही म्हणत नाही. पण ‘बियांचं तेल सोडलं’ म्हणून वाटीवाटीनं तूप खाणं हा उपाय नव्हे. हृदयाचा किंवा कोलेस्टेरॉलचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आता घाण्याच्या तेलाबद्दल. शेंगदाण्यात आणि तिळात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं, म्हणून ते घाण्यावर दाबून निघतं. सोयाबीनमध्ये जेमतेम पाचवा हिस्सा असतो, म्हणून ते द्रावणात विरघळवून काढावं लागतं आणि मग ते द्रावण उडवून तेल शुद्ध करतात. उरलेल्या द्रावणाच्या अंशावर कायद्यानं मर्यादा आहे. घाण्याच्या तेलाला वास-चव छान असते, नैसर्गिक गुणही थोडे जास्त टिकतात. पण दाणे बुरशी लागलेले असतील तर ते विष घाण्याच्या तेलात उतरतं. म्हणून घाणा स्वच्छ हवा आणि दाणे डोळ्यांनी बघितलेले हवेत.

भावाचीही एक खूण सांगतो. एक किलो शेंगदाणा तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. पेंड विकून घाणेवाल्याचे थोडे पैसे सुटतात. तरीही कुणी ‘शुद्ध घाण्याचं तेल’ दोन किलो दाण्यांच्या भावापेक्षा स्वस्त देत असेल, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे असं समजा. आणि घाण्याचं तेल परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. महाग तेल दुप्पट वापरण्यापेक्षा साधं तेल निम्मं वापरणं केव्हाही बरं.

तापून तापून काळं झालेलं तेल

घरातल्या कुठल्याही तेलापेक्षा जास्त घातक काय असेल, तर ते पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. तेल जितक्या वेळा तळणाला तापतं, तितकं ते बिघडतं. रंग काळपट होतो, चिकटपणा येतो, वर फेस धरतो, लवकर धूर सुटतो आणि घशाला खवखव होते. बिघाड मोजायची रीत आहे. तेलातली बिघडलेली द्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून देशभर लागू झाला. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याचा हिशेब ठेवायचा आणि वापरलेलं तेल मान्यताप्राप्त संकलकाला द्यायचं, असंही ठरलं. त्या तेलापासून बायोडिझेल होतं.

इथं एक नाजूक गोष्ट बोलतो. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल वडापावच्या, भज्यांच्या, चायनीजच्या गाडीवर चालते. त्या बंधू-भगिनींवर बोट ठेवायला आम्ही आलेलो नाही. त्यांनी स्वाभिमानानं धंदा उभा केला आहे. आमचं त्यांना एवढंच सांगणं आहे की, मोठ्या हॉटेलातलं वापरलेलं तेल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. कढई लहान ठेवा, म्हणजे थोड्या तेलात काम होईल. मधूनमधून जळका चुरा झाऱ्यानं काढत जा, चुऱ्यानं तेल लवकर बिघडतं. काळ्या तेलात नवं तेल ओतून ते ‘ताजं’ होत नाही, नवंही बिघडतं. तुमच्या गाडीवर सगळ्यात जास्त वेळ त्या धुरात तुम्हीच उभे असता आणि उरलेले वडे संध्याकाळी तुमचीच मुलं खातात, हे विसरू नका.

घरी तळण केलं तर? पोषण संस्थेचा सल्ला सोपा आहे. उरलेलं तेल गाळून घ्या, पुन्हा तळायला वापरू नका, भाजी-आमटीच्या फोडणीला वापरून एक-दोन दिवसांत संपवा. म्हणून पुऱ्या तळायच्या तर छोट्या कढईत, बेतानं तेल घालून तळा, म्हणजे उरणारच थोडं.

सुटं तेल घेऊ नका

१९९८ साली दिल्लीत काय घडलं ते जुन्या लोकांना आठवत असेल. लोकांचे पाय सुजू लागले, धाप लागू लागली. साठहून जास्त माणसं दगावली, हजारो आजारी पडली. कारण निघालं मोहरीच्या तेलातली भेसळ. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचा काटेरी पिवळा धोतरा उगवतो ना, त्याचं बी मोहरीसारखं दिसतं, आणि त्याचं तेल विषारी असतं. ते मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं होतं.

त्यात जास्त गरीब माणसंच सापडली, कारण रोजच्या रोज थोडं थोडं तेल विकत घेणारा गरीबच असतो. हातावर पोट असलेल्याला एकदम पाच लिटरचा कॅन परवडत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण सुट्या तेलाची विक्री कायद्यानं बंद आहे ती आपल्याच जिवासाठी. पिंपातून ओतून दिलेल्या तेलाला ना नाव, ना तारीख. त्यापेक्षा लहान पिशवी घ्या, किंवा चार घरांनी मिळून एक डबा घ्या आणि वाटून घ्या. पिशवीवरचं वजनही वाचा. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं, आणि हल्ली बऱ्याच पिशव्या त्याहून कमी वजनाच्या असतात. मिश्रण असेल तर कोणतं तेल किती टक्के, हे छापावंच लागतं. पुढं मोठं चित्र सूर्यफुलाचं आणि मागं बारीक अक्षरात दुसरंच काही, असं नको व्हायला.

माप कसं ठेवायचं

बसून काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे तेल-तूप मिळून पुरे. गवंडीकाम, हमाली, सफाईचं जड काम करणाऱ्याला ३० ते ४० ग्रॅम चालतं. लहान मुलांचं आणि गरोदर बाईचं तेल मात्र तोडू नका, त्यांना त्याची गरज असते.

पाच माणसांच्या घराला महिन्याला तीन ते पावणेचार किलो तेल, त्यात तूपही आलं. आता घरी जाऊन हिशेब करा. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. ती किती दिवसांत संपली, ते बघा. हे कुठल्याही डॉक्टरशिवाय करता येण्यासारखं आहे. तेल बाटलीतून थेट कढईत ओतू नका, चमच्यानं घाला. रस्सा दाट करायला पुन्हा येसूर, कूट, भाजलेलं वाटण काढा. चव जात नाही, उलट आजीच्या हाताची चव परत येते.

आणि पुरुषमंडळींना एक विनंती. ‘तेल कमी टाक’ असं बायकोला सांगायचं आणि पानावर तर्री दिसली नाही की तोंड वाकडं करायचं, हे चालणार नाही. हा निर्णय सगळ्या घरानं मिळून घ्यायचा आहे. जमलं तर आठवड्यातून दोन दिवस कढईजवळ स्वतः उभे राहा, म्हणजे तेल किती जातं ते कळेल.

विहाराच्या चुलीपासून सुरुवात

भीमजयंती, वैशाख पौर्णिमा, वर्षावासातलं भोजनदान, धम्मचक्र प्रवर्तन दिन, या सगळ्या दिवसांना आपल्या विहारात मोठी कढई चढते. शेकडो माणसं जेवतात. म्हणून समितीपुढं आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, भोजनदानात वनस्पती तूप वापरायचं नाही. दोन, एकदा तळलेलं तेल दुसऱ्या दिवशीच्या तळणाला वापरायचं नाही, आणि पुरी-भज्यांऐवजी शक्य तेव्हा भाकरी-चपाती आणि उसळ करायची. तीन, दाता जो डबा देईल तो बंद, नाव-तारखेचा असावा आणि वापर मापानं, वहीत लिहून व्हावा. विनयातले ते पाझरणारे घडे आठवले म्हणजे हा वहीचा नियम कुणाला जाचक वाटणार नाही.

आपल्या समाजानं अन्नाची सवय निर्धारानं बदलल्याचं उदाहरण दूर शोधायला नको. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. तो प्रश्न स्वाभिमानाचा होता, आणि आजच्या तेलाच्या प्रश्नाशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. पण उपासमारीच्या काळात, ताटात दुसरं काही नसताना, आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडलं. आपल्यापुढं तर ताट भरलेलं आहे. त्यातलं चमचाभर तेल कमी करायचं आहे, एवढंच.

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहानं फार छळलं. अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. चळवळ चालवायला, मुलं शिकवायला, विहार उभा ठेवायला धडधाकट शरीरं लागतात. ती घडतात आपल्या चुलीजवळ. आज घरी गेल्यावर तेलाच्या पिशवीवर तारीख घाला, पुढच्या महिन्याच्या पौर्णिमेला विहारात येताना तो हिशेब घेऊन या. आपण सगळ्या बसून तो एकमेकींना वाचून दाखवू.



नमो बुद्धाय! जयभीम!